दोघांचा मिळून एकच वकील चालतो का?

निळी_शाई | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मूळ आयडी वेगळा आहे, या विषयासाठी हा डुप्लिकेट काढलाय. ॲडमिननी समजून घ्यावं.

पुण्यात राहतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी आठ वर्षांची. मारहाण, व्यसन, बाहेरचं प्रकरण यातलं काही नाही. दीडेक वर्ष एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहतोय आणि आता वेगळं व्हायचं दोघांचंही ठरलंय. परस्पर संमतीनेच.

नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र वकील आहे. तो "दोघांचं मिळून करून देतो" म्हणतोय. नवऱ्याचं म्हणणं, दोन वकील केले की ते आपल्याला भांडायला लावतील. मसुदा व्हॉट्सॲपवर आलाय. मुलगी माझ्याकडे, फ्लॅट त्याला, मला एकरकमी पैसे, आणि शेवटी "यापुढे पत्नी व मुलगी कोणताही हक्क अथवा दावा सांगणार नाहीत" असं वाक्य. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. कर्जाचे हप्ते त्याच्या खात्यातून जातात, घरखर्च आणि शाळा माझ्या पगारातून.

पुढच्या आठवड्यात सह्या करू म्हणतोय. मी वेगळा वकील बघितला तर त्याला तो अविश्वास वाटेल का? आणि गेलेच तर पहिल्या भेटीत काय विचारायचं असतं? घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेच विचारतेय.

रिकामा_वेळ | सोमवार, रात्री ११:३१

सही करू नका. बाकी उद्या सविस्तर.

संसारी_माणूस | मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, मारहाण नाही, व्यसन नाही, मग अडलंय कुठे? आमच्या आईवडिलांचं काय रोज पटत होतं का? मुलीच्या तोंडाकडे बघा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही.

तिरफळ | मंगळवार, सकाळी ८:४०

संसारीबुवा, त्यांनी "वेगळं होऊ का" असं विचारलेलं नाही. "वकील कसा बघू" असं विचारलंय. प्रश्न परत वाचा.

काळाकोट | मंगळवार, दुपारी १:१५

वकिली करतो, कौटुंबिक प्रकरणंच जास्त. (आम्हाला जाहिरात करायला बंदी आहे, तेव्हा नाव-गाव खासगी निरोपातही विचारू नये.)

संसारी_माणूस यांच्या म्हणीवर एवढंच सांगतो की वकिलाच्या ऑफिसची पायरी ही कोर्टाची पायरी नव्हे. माझ्याकडे तासभर बोलून, फी देऊन घरी गेलेली आणि पुन्हा न आलेली कितीतरी माणसं आहेत. सल्ला घेतला म्हणजे दावा लावला असं होत नाही. उलट, न विचारता सही केलेले लोकच पुढे वर्षानुवर्षं तारखांना येतात.

आता एकाच वकिलाबद्दल. परस्पर संमतीचा अर्ज दोघांचा संयुक्त असतो, त्यामुळे तो एका वकिलाने दाखल करणं सर्रास चालतं आणि त्यात गैर काही नाही. पण *अर्ज दाखल करणं* आणि *अटी ठरवताना सल्ला देणं* ही दोन कामं आहेत. अटींमध्ये तुमचं हित आणि नवऱ्याचं हित जागोजागी एकमेकांच्या आड येतं. फ्लॅटची किंमत आजची धरायची की खरेदीची, पैसे कधी द्यायचे, मुलीच्या फीवाढीचं काय? यातल्या प्रत्येक ठिकाणी त्या मित्राने कुणाला सल्ला द्यायचा? तो माणूस सज्जन असेलही. पण तो तुमचा वकील नाही. तुम्ही त्याला मोकळेपणाने काही सांगितलंत तर ते गुप्त ठेवायला तो तुमच्या बाबतीत बांधील आहे का, इथपासूनच शंका. स्वतःच्या वकिलाला सांगितलेलं मात्र तुमच्या परवानगीशिवाय तो कुणाला, अगदी कोर्टालाही, सांगू शकत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे संरक्षण होतं, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

मी तुमच्या जागी काय करेन? अर्ज त्या मित्रालाच दाखल करू देईन. पण मसुदा आधी स्वतःच्या वकिलाकडून फी देऊन वाचून घेईन. यात भांडण नाही, खर्चही एका-दोन भेटींचा. नवऱ्याला सरळ सांगा, "तुझा मित्र तुला सांगतोय, मलाही कुणीतरी सांगायला हवं." यावर जो चिडेल त्याचं चिडणंही तुम्हाला काहीतरी सांगून जाईल.

मसुद्यातलं ते शेवटचं वाक्य. पत्नीने स्वतःपुरती पोटगी सोडणं हा एक भाग, त्यावरही विचार करूनच सही करावी. पण *मुलीचा* हक्क आई सोडूच शकत नाही. मुलीचा खर्च हा मुलीचा स्वतःचा अधिकार आहे, तो दोन मोठ्या माणसांच्या करारात संपत नाही. ज्याने हे वाक्य घातलं त्याने एकतर जुना मसुदा चिकटवलाय किंवा जाणूनबुजून घातलंय. दोन्ही वाईटच.

निळी_शाई | मंगळवार, रात्री १०:५०

खूप आभार. चिकटवलेलाच असावा, कारण एका ठिकाणी मुलीऐवजी "मुलगा" लिहिलंय.

एक शंका. आम्ही एकाच घरात राहतोय, मग अर्जाआधी "एक वर्ष वेगळे" राहण्याच्या अटीत बसतं का? आणि अर्ज केल्यावर सहा महिने थांबणं आता काढून टाकलंय असं ऐकलं, खरं का?

काळाकोट | मंगळवार, रात्री ११:४०

बसतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. छप्पर एक असलं तरी चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुरेष्टा देवी प्रकरणात स्पष्ट केलंय. त्याच निकालातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. दुसऱ्या जबाबापर्यंत (म्हणजे अर्जानंतर ठरावीक काळाने कोर्टात दोघांनी पुन्हा संमती सांगेपर्यंत) दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पैसे आणि कागद यांचा क्रम नीट लावायचा असतो. साधारण पद्धत अशी की काही रक्कम अर्ज दाखल करताना आणि उरलेली दुसऱ्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. पैसे हातात येण्याआधी फ्लॅटचं हक्कसोड पत्र करून दिलंत आणि पुढे त्याने संमती मागे घेतली, तर लग्नही तसंच आणि घरही गेलं.

सहा महिने काढून टाकलेले नाहीत. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर ते माफ करता येतात, एवढंच. त्यासाठी अर्ज दाखल होण्याआधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न होऊन गेलेले हवेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं हवं. वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मान्य करायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतात. "महिन्यात करून देतो" असं आधीच वचन देणाऱ्यापासून लांब राहा.

पंचगंगाकाठ | बुधवार, सकाळी ९:१०

आमच्याकडं अजून एक प्रकार चालतोय त्यो सांगतो. माझ्या आत्तेभावानं पंच बसवून शंभराच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी केली. नोटरीचा शिक्का, दोन्हीकडच्या चार-चार सह्या, चहापाणी, विषय संपला. दोन वर्षांनी दुसरं लग्न. मग पहिलीनं पोटगीचा अर्ज टाकला आणि पठ्ठ्याला कळलं की कायद्यानं पहिलं लग्न उभंच आहे. आता दुसरीचं काय म्हणायचं? तिच्या घरच्यांना तर हेनं स्टॅम्प दाखवूनच पटवलं होतं. नोटरीकडं जायच्या आधी एका वकिलाला पाचशे रुपयं दिलं असतं तर भागलं असतं.

काळाकोट | बुधवार, सकाळी ११:००

पंचगंगाकाठ, हे इथे लिहिलंत ते फार बरं केलंत. नोटरी सही खरी असल्याचं सांगतो, लग्न मोडू शकत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला जागा आहे, पण आपल्या समाजात ती रूढी आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं आणि बहुतेकांना ते जमत नाही. मग दुसरं लग्न हे द्विभार्या प्रकरण होतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हा कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे, तेव्हा "आमच्यात चालतं" म्हणताना जरा थांबावं. तालुक्याला कौटुंबिक न्यायालय नसेल तर अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. अडत काही नाही.

सव्वाशेर | बुधवार, दुपारी ३:२५

पुरुषाची बाजूही येऊ द्या. माझं एकतर्फी प्रकरण होतं, संमतीचं नव्हे. पहिला वकील नातेवाइकांनी सुचवलेला. पहिल्याच भेटीत म्हणाला, "ती काय करेल याच्या आधी आपण करू." मला तेव्हा तो वाघ वाटला. प्रत्येक तारखेचे पैसे वेगळे, आणि तारखेला स्वतः न येता ज्युनियरला पाठवायचा, ज्याला माझं आडनावही माहीत नसायचं. बायकोकडून दोनदा तडजोडीचा निरोप आला तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही, नंतर समुपदेशकांच्या खोलीत समोरासमोर बसल्यावर कळला.

दुसऱ्या वकीलबाईंनी पहिल्या दिवशी काय विचारलं असेल? "तुम्हाला शेवटी नेमकं काय हवंय, एका वाक्यात सांगा." मला सांगता येईना. "मग हे ठरवून या," म्हणाल्या. तिथून प्रकरण सुटायला लागलं.

तर निळी_शाई, विचारायचे प्रश्न माझ्याकडून. फी एकरकमी की तारखेगणिक? तारखेला कोण उभं राहणार? समोरून प्रस्ताव आला तर मला लेखी कळवणार का? आणि आपल्या बाजूचं सगळ्यात कच्चं काय आहे? शेवटच्या प्रश्नावर जो "काळजी करू नका, आपली बाजू भक्कम आहे" म्हणतो, त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

रिकामा_वेळ | बुधवार, संध्याकाळी ६:५०

सव्वाशेर यांना अनुमोदन. काल सविस्तर लिहितो म्हणालो होतो, तोवर काळाकोटांनी सगळं लिहून टाकलं.

वकील बदलताना आधीच्याने ना हरकत दिली नाही तर काय? माझ्या बहिणीच्या वेळी "आधी उरलेली फी द्या, मग फाइल" असं चाललं होतं.

काळाकोट | बुधवार, रात्री ९:३०

फीसाठी फाइल अडवून धरता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे सांगितलंय. फी थकली असेल तर तिची वसुली वेगळी करावी, कागद पक्षकाराचे. आणि पोटगीतून अमुक टक्के मागणारा भेटला तर तेही नियमबाह्य आहे.

ओटीवरून | गुरुवार, सकाळी १०:२०

मी एका महिला मंडळात काम करते. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना ठाऊकच नसतं म्हणून सांगते. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. नोकरी असली तरी मिळतो. फोनवर विचारायचं तर १५१०० हा क्रमांक आहे. दावा लावण्याआधीची मध्यस्थीही तिथे होते.

मोफत वकील म्हणजे टाकाऊ अशी समजूत असते. माझा अनुभव मिश्र आहे. काही जण इतके मन लावून काम करतात की फीवाल्यांनी शिकावं, काही जण फोन उचलत नाहीत. फोन उचलत नसतील तर प्राधिकरणाकडे लेखी अर्ज देऊन दुसरा मागता येतो. बायका मागत नाहीत, "फुकट मिळालंय तर कसं बोलायचं" म्हणतात.

आणि पत्रिका, लग्नाचे फोटो, दागिन्यांच्या पावत्या सांभाळा गं. स्त्रीधन तुझंच असतं, पण काय-काय होतं हे आठवणीवर सिद्ध होत नाही.

कुतूहल_फार | गुरुवार, दुपारी १२:१५

नवऱ्याचा खरा पगार माहीत नसेल तर? एका मैत्रिणीने त्याच्या मेलमध्ये शिरून स्लिपा काढल्या. फोनवरचं रेकॉर्डिंगही केलंय, पण ते कोर्टात चालत नाही ना?

काळाकोट | गुरुवार, दुपारी २:०५

दुसऱ्याच्या मेलमध्ये शिरणं गुन्हा ठरू शकतो, ते करू नये. गरजही नाही. २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, खोटं दिलं तर अंगाशी येतं. रेकॉर्डिंगबाबत चित्र बदललंय. नवरा-बायकोमधलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. पण घेता येतं म्हणजे उपयोगी पडतंच असं नाही. तासन्‌तास भांडणं ऐकून न्यायाधीशही दोघांबद्दल सारखंच वाईट मत करून घेतात. आधी वकिलाला ऐकवा.

तिरफळ | गुरुवार, रात्री ८:३०

फ्लॅटवरून आठवलं. माझं माहेर पेडण्याचं. आमच्याकडे गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते, पोर्तुगीज काळच्या नागरी संहितेपासून. घर विकायचं तर दोघांची सही लागते. वेगळं होताना निम्म्याची गोष्ट तिथूनच सुरू होते. लग्न करून सावंतवाडीत आले तेव्हा मला वाटायचं इकडेही तसंच असेल. तसं अजिबात नाही! महाराष्ट्रात बायको झालात म्हणून नवऱ्याच्या घरात आपोआप अर्धा वाटा मिळत नाही. कागदावर नाव कुणाचं आणि पैसे कुणी घातले, यावर गाडी येते. निळी_शाई, तुमचं नाव करारनाम्यावर आहे ही तुमची मोठी जमेची बाजू. आणि "हप्ते त्याचे होते" हे कुणी म्हटलं तर तुमच्या पगारातून चाललेल्या घराचे हिशोब काढून ठेवा.

जर्सीकर | शुक्रवार, पहाटे ४:४५

परदेशातल्यांसाठी थोडकं. लग्न नाशिकला, राहणं न्यू जर्सीत. इथे घटस्फोट सोपा, राज्यात वर्षभर वास्तव्य आणि सहा महिने न पटणं एवढं पुरतं. पण "न पटणं" हे हिंदू विवाह कायद्यात कारणच नाही. एकट्याने इथे हुकूमनामा मिळवला आणि दुसरा हजरच झाला नाही, तर भारतात तो मानला जाईलच असं नाही (नरसिंह राव निकाल, १९९१). दोघांनी इथल्या कोर्टात हजर राहून संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. मी दोन्हीकडचे वकील एका कॉलवर बसवले, तेव्हा कुठे दोघांना एकमेकांचा कायदा कळला.

निळी_शाई | पुढचा मंगळवार, रात्री १०:१०

अपडेट देतेय. एका वकीलबाईंना भेटले. जाताना एका पानावर तारखांनिशी सगळं लिहून नेलं, करारनाम्याची आणि कर्जाच्या विवरणाची प्रत नेली. त्यांनी मसुदा वाचला आणि पहिलं वाक्य, "यात मुलीला भेटायचे वारच नाहीत, तुमच्या नवऱ्याच्याच हिताचं नाहीये हे." हे मला सुचलंच नव्हतं. सुट्ट्या, सण, आजी-आजोबा, बाहेरगावी न्यायचं असेल तर काय, सगळं घालायला सांगितलं. ते दावा न सांगण्याचं वाक्य मुलीपुरतं काढलं. शाळेची फी निम्मी-निम्मी आणि दर वर्षी वाढीसकट. एकरकमी रक्कम दोन टप्प्यांत.

नवरा आधी गप्प झाला. भेटीच्या वारांचं पान दाखवल्यावर म्हणाला, हे बरंय. त्याच्या मित्राला मात्र राग आला. "माझ्यावर भरवसा नव्हता तर आधी सांगायचं." त्याचा राग मी नवऱ्यावरच सोपवलाय.

एक अडकलंय. फ्लॅट त्याच्या नावावर होईल, पण कर्जात माझं नाव आहे. अटींमध्ये "उर्वरित कर्ज पती फेडेल" असं लिहिलंय. पुरेसं आहे ना?

हप्तेवारी | मंगळवार, रात्री ११:०५

बँकेत कर्ज विभागात आहे. पुरेसं नाही. तुमच्या दोघांतल्या अटी बँकेवर बंधनकारक नसतात, बँक त्यात पक्षकारच नाही. त्याने हप्ता चुकवला तर बँक तुमच्याकडेही येणार आणि तुमचा सिबिलही बिघडणार. सहकर्जदार म्हणून नाव कमी करायला त्याने अर्ज द्यायचा, मग बँक एकट्याच्या पगारावर कर्ज झेपतंय का ते बघते. झेपत नसेल तर दुसरा सहकर्जदार किंवा काही रक्कम आधी भरणं. हे दुसऱ्या जबाबाच्या *आधी* करून घ्या आणि बँकेचं पत्र हातात असू द्या. विमा, भविष्यनिर्वाह निधी यांचं नामांकनही याच वेळी बदलतात. लोक हमखास विसरतात.

कुतूहल_फार | बुधवार, सकाळी ९:२०

नवरा-बायकोत घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक फारच कमी लागतो ना? मग घटस्फोटाआधीच बक्षीसपत्र करून टाकलं तर हक्कसोडाचा खर्च वाचेल.

काळाकोट | बुधवार, दुपारी १:४०

राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात जोडीदारासाठी ती सवलत आहे, खरं. पण बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय. इथे बाईंना त्याच वाट्याबद्दल रक्कम मिळतेय, तीही अटींमध्ये लिहून. दोन्ही कागद एकत्र ठेवले की प्रश्न उभा राहणारच. शिवाय बक्षीसपत्र नोंदवलं की वाटा लगेच गेला, पैसे मात्र दुसऱ्या जबाबाला. मी नको म्हणेन. निळी_शाई, तुमच्या वकीलबाईंना विचारा, कागद त्यांनी पाहिलेत, मी नाही.

अर्धविराम | बुधवार, रात्री १०:१५

धागा पूर्ण वाचला. आमचं लग्न नाही, सात वर्षं एकत्र राहतोय, भाडेकरार त्याच्या नावावर, मुदत ठेव दोघांच्या. असं असताना वकिलाकडे जाण्यात काही अर्थ आहे का?

काळाकोट | बुधवार, रात्री ११:२५

आहे. घटस्फोटाचा प्रश्न येत नाही, पण लग्नासारखं नातं असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण स्त्रीला मिळू शकतं. नातं त्यात बसतं का हे कशावरून ठरवायचं, ते २०१३ च्या इंद्रा सरमा निकालात आहे. किती काळ, एक घर, पैशांचे व्यवहार, समाजात कसे वावरलात वगैरे. ठेवीची पावती आधी बघा, "दोघांपैकी कुणीही" असं असेल तर मुदत संपल्यावर एकटाही पैसे काढू शकतो, मुदतीआधी मोडायला मात्र सहसा दोघांच्या सह्या लागतात. बाकीसाठी नवा धागा काढा, इथे निळी_शाईंचं बँकेचं उत्तर यायचंय.

निळी_शाई | शुक्रवार, रात्री ९:००

बँकेने त्याच्या पगाराच्या स्लिपा आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागितलीत. सह्यांची तारीख पुढे ढकललीय. अर्धविराम, तुमचा धागा काढलात की लिंक इथे द्या.